सुळेवाली सासुरवाडी

आमच्या गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानात पुढच्या बाजूला चष्मे मिळत आणि मागच्या बाजूला राज्यं बुडत.

पुढे काचेची कपाटं होती, भिंतीवर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता होता आणि हनुवटी टेकवून बसायचं यंत्र होतं. पडद्यामागे भिंगं घासायची खोली. तिथल्या घासायच्या मशीनवर रविवारी दुपारी एक चादर पडायची, टेबलावरची धूळ पुसली जायची आणि दुकानाचा मालक, ज्याला सगळी गल्ली भिंगवाला म्हणते, तो ऐटीत मधल्या खुर्चीवर बसायचा. मग खेळ सुरू.

खेळ असा की एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. सांगणारा म्हणतो, समोर दरी आहे, दरीवर पूल आहे, पलीकडे शत्रू उभा आहे. खेळणारा म्हणतो, मी पुलाखालून लटकत जातो. तो पोचला की पडला, हे फासा ठरवणार. फासा वीस बाजूंचा. आपला साधा सहा बाजूंचा फासा या मंडळींना फार सरळमार्गी वाटे.

खेळणारे तिघं. दातांची डॉक्टर चोर व्हायची. आठवडाभर लोकांना तोंड उघडायला सांगणारी ही बाई रविवारी परक्यांची कुलपं उघडायची. दुसरा विमा एजंट. तो महापराक्रमी योद्धा होता, पण कुठल्याही लढाईआधी पळायला वाट कुठून आहे ते विचारून घ्यायचा. तिसऱ्या, शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. त्या जादूगारीण, आणि नकाशे काढायचं कामही त्यांच्याकडे.

सुरुवातीच्या काळात भिंगवाल्याचं जग सगळं उसनं होतं. परदेशी पुस्तकांतून उचललेलं. बारा महिने बर्फ, टोकदार झाडांची जंगलं, दगडी किल्ले, आणि दर दोन मैलांवर एक खानावळ, जिथे दाढीवाला मालक लाकडी पेल्यातून काहीतरी फेसाळ देई. भिंगवाल्याने बर्फ पाहिला होता तो फ्रीजमधला. जंगलात तो एकदा गेला होता आणि लगेच परत आला होता.

एका रविवारी चित्रकलेच्या बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्या म्हणाल्या, तीच ती टोकदार झाडं काढून माझा हात दुखला. शिवाय हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या तरी आजोळचं वाटतं. आपण तिथे सुट्टीत चुकून उतरलोय आणि सगळे आपल्याकडे पाहताहेत, असं.

भिंगवाल्याला ते लागलं. चूक दाखवली की हा माणूस भांडत नाही, घुम्यासारखा बसतो. पुढचे दोन रविवार त्याला बरं नव्हतं. तिसऱ्या रविवारी तो नवं जग घेऊन आला.

नवं जग आणलं कुठून, तर समोरून. डोळे तपासणाऱ्या माणसासमोर गिऱ्हाईक हनुवटी अडकवून बसलेलं असतं. ते हलू शकत नाही, पण बोलू शकतं. भिंगवाल्याने वर्षानुवर्षं माणसं तशी दोन वितींवरून पाहिली होती आणि ऐकली होती. कोपऱ्यावरच्या वसाहतीची कमिटी त्याने उचलली आणि तिला टोकदार कान लावले. झाले दीर्घायू लोक, जे पाचशे वर्षं जगतात आणि त्यातली तीनशे एक ठराव पास करण्यात घालवतात. टेम्पो स्टँडवरचे ड्रायव्हर झाले दर्यावर्दी, एकही जहाज वेळेवर न सोडणारे. बाईंनी झाडं बदलली. खेळाला एकदम रंग चढला.

आता राहिला शत्रू. शत्रू दणकट हवा, दुरून ऐकू यायला हवा. भिंगवाल्याला फार विचार करावा लागला नाही. त्याला सासुरवाडी आठवली.

त्याच्या सासऱ्यांचं घराणं तीन पिढ्या घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारणारं. लग्नानंतर तो पहिल्यांदा तिकडे गेला तेव्हा दारातच त्याला वाटलं की आत मारामारी चालली आहे. अकरा माणसं एकाच वेळी ओरडत होती. चौकशी केल्यावर कळलं, जावयाला बसायला कुठली खुर्ची द्यायची याचा विचार चाललाय. बायकोच्या आत्याने त्याच्या पाठीवर असा काही प्रेमाचा हात मारला की चष्मा उडून पाण्याच्या पिंपात पडला. पाच मिनिटांत त्याला कमाई, वजन आणि चष्म्याचा नंबर विचारून झाला होता. चार वाजता निघतो म्हणाला तर बूट गायब. ते दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले, पोट फुटेस्तोवर खाऊन झाल्यावर.

तर असे जन्माला आले गर्जक. राखाडी कातडीचे, खालच्या ओठातून सुळे वर आलेले, भेटल्याबरोबर पाठ मोडणारे, पाहुण्याला जाऊ न देणारे. त्यांची रणगर्जनाही भिंगवाल्याने सासऱ्यांच्याच तोंडातून घेतली. लिलावात शेवटची बोली झाली की पुकारतात ते, एक वार, दोन वार, तीन वार. गर्जकांच्या तोंडी ते इतकं चपखल बसलं की जणू कुऱ्हाडीचेच वार मोजताहेत.

खेळणाऱ्यांना गर्जक फारच आवडले, म्हणजे मारायला. चार वर्षं दर रविवारी दातांची डॉक्टर, विमा एजंट आणि चित्रकलेच्या बाई भिंगवाल्याची सासुरवाडी कापत होते, आणि त्यांना बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

बायकोला तरी कुठे होता? ती मोटार शिकवायची. तिच्या गाडीला तिच्या बाजूनेही एक ब्रेक होता. नोकरदार मंडळी शिकायला रविवारीच मोकळी, त्यामुळे रविवारी ती उजाडल्यापासून रस्त्यावर. नवऱ्याच्या खेळाकडे ती भातुकली म्हणून पाही. दुसऱ्या कुठल्या नादाला लागण्यापेक्षा हे बरं, असं तिचं मत.

मग सासऱ्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला.

जावई चष्म्याच्या धंद्यात, म्हणून ऑपरेशन इकडेच करायचं ठरलं. ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि पथ्यं सांगितली. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, आणि डोळ्यावर ताण येईल असं मोठ्याने बोलायचं तर बिलकुल नाही. पहिली दोन पथ्यं मामांनी, म्हणजे भिंगवाला त्यांना मामा म्हणे, ऐकून सोडून दिली. तिसऱ्याला ते हबकले. जन्मात ते हळू बोलले नव्हते. ते कुजबुजायला लागले, आणि त्यांची ती कुजबुज म्हणजे आपल्याकडे स्टेशनावर गाडी आल्याची सूचना देतात तेवढी.

रविवार आला. बायको गाडी घेऊन गेली. जाताना तिने नवऱ्याला बजावलं की बाबांना एकटं ठेवायचं नाही. वडील घरात असले की ती नवऱ्याला 'अहो' म्हणायची, एरवी 'अरे'. त्या दिवशी 'अहो' होतं. भिंगवाला मामांना हाताला धरून दुकानात घेऊन आला आणि त्याने त्यांना मागच्या खोलीत, मशीनशेजारच्या आरामखुर्चीत बसवलं. काळ्या चष्म्यामागे माणूस जागा आहे की झोपलाय ते कळत नाही. थोड्या वेळाने मान कलली, तसा भिंगवाल्याने सुटकेचा श्वास सोडला आणि खेळ लावला.

तो दिवस नेमका मोठा. तिघं वीर इतक्या वर्षांच्या लढाईनंतर गर्जकांच्या किल्ल्याच्या दरवाजाशी पोचले होते. तटावर हजार मशाली. आतून नगाऱ्यांचा आवाज. एरवी भिंगवाला इथे घसा फाडून गर्जना करी. आज त्याने ती तोंडातल्या तोंडात उरकली.

"एक वार," तो पुटपुटला. "दोन वार..."

"तीन वार!" तिघंही सवयीने ओरडले.

आरामखुर्ची करकरली.

"तिसऱ्याला माल कुणाला गेला?" मामांनी विचारलं.

मामा सावरून बसले आणि हे कोण पुकारत होतं, असं कुजबुजले. भिंगवाला म्हणाला, कुणी नाही, असंच, खेळातले एक लोक आहेत. पण विमा एजंटचा स्वभाव असा की कुणी चौकशी केली की त्याला संपूर्ण माहिती दिल्याशिवाय राहवत नाही. त्याने गर्जकांची योजना सविस्तर समजावून सांगायला घेतली. सुळे सांगितले, राखाडी कातडी सांगितली. अकराजण एकाच वेळी बोलतात, पहिल्या भेटीत कमाई विचारतात, पाहुण्याची पादत्राणं लपवतात, सगळं सांगितलं. भिंगवाल्याने त्याला गप्प करायला टेबलाखालून लाथ मारली. ती मशीनच्या लोखंडी पायाला लागली आणि त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं.

"त्यांच्या म्होरक्याची एक बहीण होती," एजंट म्हणाला. "नुसता पाठीवर हात मारून माणूस आडवा करायची. तिला आम्ही मागच्या उन्हाळ्यात मारली."

"कशी?" मामांनी विचारलं.

"झोपेत. या डॉक्टरांनी रात्रीच्या दुधात विष घातलं."

मामांनी काळा चष्मा डॉक्टरच्या दिशेने वळवला आणि थोडा वेळ विचार केला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "जागेपणी जमलं नसतं."

मामांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. बाजारात हयात घालवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कधीच काही दिसत नाही. त्यांनी एवढंच विचारलं की या लोकांचा म्होरक्या सध्या कोण आहे. भिंगवाला म्हणाला, तसं अजून ठरलेलं नाही.

"मग मी होतो. बसून बसून पाठ आखडली."

शत्रूचं काम खेळणाऱ्याने करायचं नसतं, असं भिंगवाला सांगू लागला. दातांची डॉक्टर म्हणाली, असा काही नियम नाही. तिला या म्हाताऱ्यात रस वाटायला लागला होता. बाईंनी खुर्ची सरकवून जागा केली.

तर दरवाजा उघडला आणि गर्जकांचा म्होरक्या बाहेर आला, हातात शस्त्र नाही. योद्ध्याने फर्मावलं, किल्ला आमच्या हवाली कर. म्होरक्या म्हणाला, करतो की. पण कुणाच्या? आमच्या, योद्धा म्हणाला. तिघांच्या का? तिघांच्या. म्होरक्याने मान हलवली. तो म्हणाला, माल एक आणि गिऱ्हाइकं तीन. तुम्ही आपसात काय ठरवलंय?

काही ठरलेलं नव्हतं. इतकी वर्षं लढताना हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. भिंगवाल्याला मात्र त्या क्षणी कळलं की आपल्या युद्धाचे बारा वाजले. त्याने पुढच्या सहा महिन्यांचा वेढा आखून ठेवला होता, खंदकातल्या मगरींसकट.

म्होरक्याने किल्ल्याचं वर्णन सुरू केलं. तेही कुजबुजत, त्यामुळे तिघांना पुढे वाकून ऐकावं लागत होतं. पूर्वेकडे तोंड आहे. विहिरीला बारमाही पाणी. भिंती आजोबांच्या काळच्या, आता असं काम होत नाही. खोऱ्यातून येणारा-जाणारा प्रत्येकजण इथूनच जाणार. एका मालकाला सोन्याचा तुकडा, तिघांना नुसती कटकट. कोण बोलतंय?

विमा एजंटाने आपली तलवार बोलीला लावली. ती तलवार त्याला अजगराच्या पोटातून मिळाली होती. डॉक्टर हसत हसत म्हणाली, माझी अदृश्य व्हायची अंगठी. बाई म्हणाल्या, अहो, हे काय चाललंय, आपण मित्र आहोत. आणि मग म्हणाल्या, माझा पांढरा घोडा.

त्यानंतर मैत्री संपली. एजंटने चिलखत काढलं. डॉक्टरने असा एक खजिना बोलीत टाकला, जो तिने तीन वर्षांपूर्वी गुपचूप पुरून ठेवला होता आणि ज्याबद्दल बाकीच्या दोघांना आत्ताच कळत होतं. बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की शाळेतली पोरं त्या नजरेने जागच्या जागी शिजली असती. ज्या तिघांनी एकमेकांना पुरातून, आगीतून ओढून काढलं होतं ते आता एकमेकांकडे पाठ करून बसले. म्होरक्या कुणाचीच बाजू घेत नव्हता. फक्त हळूच म्हणायचा, बाई थांबल्या वाटतं. थांबा, थांबणंही शहाणपणाचं असतं. की बाई लगेच पुढे.

शेवटी एजंटने आपले बूट बोलीला लावले. बाकीच्या दोघींकडे देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"एक वार," मामा म्हणाले. "दोन वार."

आणि मग मोतीबिंदू, टाके, काळा चष्मा, सगळं विसरून त्यांनी पोटातून आवाज काढला. तिसऱ्या वाराला पुढच्या कपाटातल्या फ्रेमी खळखळल्या. फुटपाथवरचं कुत्रं उठून पलीकडे गेलं.

किल्ला एजंटला मिळाला. अनवाणी, नि:शस्त्र आणि उघडा असा तो आत शिरला आणि त्याने वर पाहिलं. छप्पर नव्हतं. छप्पर कुठे आहे म्हणून त्याने विचारलं. मामांना माहीत नव्हतं, पण भिंगवाल्याला खेळाच्या नियमाप्रमाणे सांगणं भाग होतं. ते छप्पर मागच्या वर्षी चित्रकलेच्या बाईंनीच अग्निबाण मारून जाळलं होतं.

"आहे तसा माल होता," मामा म्हणाले. "पाहून घ्यायचा."

तेवढ्यात पडदा सर्रकन बाजूला झाला. बायको. गल्लीच्या तोंडाशी ती एका शिकाऊ माणसाला गाडी मागे घ्यायला शिकवत होती. तिथवर तिला बापाचा आवाज ऐकू आला होता. शिकाऊ माणूस अजून गाडीतच होता, गाडी अर्धी वळलेली.

"अरे," ती नवऱ्याला म्हणाली.

भिंगवाल्याने डोळे मिटले. तिने विचारलं, डॉक्टरांनी ओरडू नका सांगितलेलं असताना बाबांना ओरडायला कुणी लावलं. मामा खुशीत होते. त्यांनी स्वतःच खुलासा केला.

"जावईबापूंनी आपलं अख्खं घर खेळात घातलंय," ते म्हणाले. "दात तेवढे बाहेर काढलेत."

"आणि आत्या?"

"ती झोपेत गेली. या बाईंनी मारली. हुशार आहेत."

डॉक्टर उभी राहिली आणि आपल्याला कल्पना नव्हती असं काहीतरी म्हणाली. बाकी दोघं आपापल्या पिशव्या शोधू लागले. बायको नवऱ्याकडे पाहत होती.

"मी कोण आहे त्यात?" तिने विचारलं.

प्रश्न साधा होता, पण दोन्हीकडून विहीर. तू त्यातच आहेस म्हणावं तर सुळे आले. तू त्यात नाहीस म्हणावं तर माझी माणसं राक्षस आणि मी तेवढी वेगळी, असं तुला वाटतं का. भिंगवाला आपल्या मूळ स्वभावाला गेला आणि काहीच बोलला नाही. बाहेर हॉर्न वाजायला लागले होते. त्या वळलेल्या गाडीमुळे गल्ली तुंबली होती. बायको निघून गेली, म्हणून तो वाचला.

संध्याकाळी घरात कमालीची शांतता होती. बायको भांडी अशी लावत होती की प्रत्येक भांड्याचं मत कळावं. भिंगवाला मामांच्या डोळ्यात थेंब घालायला गेला. मान मागे टाकून, छताकडे पाहत मामा बोलले, आणि या वेळी खरोखरच हळू बोलले.

"बापू, सुळ्यांचं मला काही नाही. पण तुमचे ते लोक उगाच ओरडतात. आमचं तसं नाही. बाजारात पहाटे पन्नास जण एकदम पुकारतात. त्यात हळू बोलणाऱ्याचा माल गाडीवरच सडतो. माझा बाप ओरडायचा तो रागानं नव्हे. मागं कुठेतरी शेतातून आलेला माणूस उभा असायचा, त्याच्या मालाचा पुकारा ऐकू जावा म्हणून. मग घरी आल्यावर आवाज खाली येत नाही, तो नाहीच येत. तुम्ही आवाज तेवढा घेतलात, बाजार राहिला."

थेंब गालावर ओघळला. भिंगवाल्याने तो पुसला आणि दुसरा घातला. सॉरी म्हणावं असं त्याच्या फार मनात होतं. तो म्हणाला, "मामा, डोळा मिटून ठेवा." मामांनी मिटला.

मामा परत गेले आणि त्यांनी ही हकीकत तिकडे सांगितली. त्यांनी ती कशी सांगितली असेल ते पुढच्याच रविवारी कळलं. दोन गाड्या भरून सासुरवाडी भिंगवाल्याच्या दारात उतरली. म्हणायला मोतीबिंदू पाहायला, पण मोतीबिंदू त्यांनी घरूनच बरोबर आणला होता. गल्लीत आम्ही सगळे बाहेर येऊन उभे राहिलो. आम्हाला वाटलं, भिंगवाल्याला मारायला आलेत. आवाजावरून तरी तसंच वाटत होतं.

मागच्या खोलीत मावेनात, तेव्हा अर्धे पुढे भिंगांच्या कपाटांशी उभे राहिले. त्यांच्या तक्रारी होत्या, आणि बऱ्याच होत्या. पण सुळ्यांबद्दल एकही नाही. उलट बायकोच्या चुलतभावाला सुळे आणखी मोठे हवे होते. तक्रार अशी की पुलाच्या लढाईत चाळीस गर्जक तीन माणसांकडून हरले. तीन? त्यातला एक विम्यावाला? दुसरी तक्रार, कैद्यांना म्हणे उपाशी ठेवलं होतं. आपल्या दारातून कुणी उपाशी गेलं असेल तर माणूस दाखवा. भिंगवाल्याने खालमानेने ते बदलून घेतलं. त्या लढाईतल्या कैद्यांना आता वर्षानंतर मागाहून जेवण मिळालं.

आत्या मात्र गप्प बसली होती. सगळ्यांचं झाल्यावर तिने विचारलं, मला मारलं ती कोण. दातांच्या डॉक्टरने हात वर केला. आत्या उठली आणि म्हणाली, मी कुणाच्याही हातचं असंच पिते होय. डॉक्टर म्हणाली, तुम्ही मला मुलगी मानलं होतं, म्हणून प्यायलात. गोष्टीत तसं खरंच होतं. आत्याचा चेहराच बदलला. तिने डॉक्टरच्या पाठीत प्रेमाने एक हात घातला आणि डॉक्टरची स्वतःची दाढ हलली. पुढे ती दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन काढावी लागली. चित्रकलेच्या बाईंनी त्याच बैठकीत मंत्र म्हणून आत्याला जिवंत केलं. फाशात एकोणीस पडले, म्हणजे नियमानेच केलं.

पण मग पंचाईत झाली. गर्जक आता शत्रू राहिले नव्हते. त्यांच्या खोऱ्यात बाजार बसला होता. विमा एजंटच्या किल्ल्याला छप्परही त्यांनीच घालून दिलं होतं. शत्रूशिवाय खेळ चालेना. वसाहतीच्या कमिटीला शत्रू करून पाहिलं, तर युद्ध पुकारायला कोरमच भरेना.

तोड बायकोने सुचवली. तिने एक रविवार सुट्टी घेतली होती, आपण त्या जगात कोण आहोत ते स्वतःच ठरवायला. ती म्हणाली, तुझ्या घरचे लोक घे.

भिंगवाल्याचं स्वतःचं, म्हणजे वडलांचं घर, ही आवाजाच्या दुसऱ्या टोकाची जागा होती. तिथे कुणी भांडत नसे. भांडण झालं की बोलणं बंद होई. मामा तिथे पहिल्यांदा जेवले तेव्हा त्यांना वाटलं होतं की घरात कुणीतरी गेलंय आणि आपल्याला सांगितलेलं नाही. भिंगवाला आणि त्याचा थोरला भाऊ वडलांच्या भिंगं घासायच्या मशीनवरून नाराज झाले त्याला बरीच वर्षं झाली होती. दोघांनाही आता नक्की काय झालं होतं ते आठवत नव्हतं.

भिंगवाल्याने मान डोलावली. पुढच्या आठवड्यात गुहांमधून मूकजन बाहेर आले. पांढरे, बारीक, काचा घासणारे. त्यांच्याकडे शस्त्र नव्हतं. काय झालं म्हणून विचारलं की ते "काही नाही" म्हणत, आणि विचारणारा जागीच गोठे. दुसऱ्यांदा विचारलं की "राहू दे" म्हणत, आणि गोठलेला तडकत असे. भिंगवाला त्यांचं काम इतकं सुरेख करी की त्या खोलीत उन्हाळ्यात थंडी वाजे. गर्जकांसमोर कधी न डगमगलेला एजंट तिसऱ्या "राहू दे"ला रडकुंडीला आला आणि म्हणाला, अहो निदान ओरडा तरी.

त्या दिवशी खेळ आवरल्यावर भिंगवाल्याने भावाला फोन लावला. कसा आहेस म्हणाला. भाऊ बरा होता. मग दोघंही थांबले. शेवटी भावाने विचारलं की जुनं मशीन अजून चालतं का. हा म्हणाला, चालतं, आवाज करतं. तेल घाल, भाऊ म्हणाला. संपला फोन. तरी बायकोच्या म्हणण्याप्रमाणे त्या दोघांच्या मानाने ते भाषणच होतं.

आणि मामांनी बोलावल्यावरून भिंगवाला एकदा बाजार पाहायलाही गेला. गर्जकांचा बाजार नीट बसवायचा तर खरा पाहायला हवा, हे त्यालाही पटलं होतं. पहाटे मामांनी त्याला एका उलट्या क्रेटवर उभं केलं आणि समोरचा कोबीचा ढीग दाखवला. मागे एक शेतकरीण बाई डोक्याला फडकं बांधून उभी होती. पुकारा, मामा म्हणाले. भिंगवाल्याने पुकारलं. समोरच्या माणसालाही कळलं नाही की हा काही बोलतोय. पुन्हा पुकारलं. एकाने वळून वेळ विचारली. बाईने मामांकडे पाहिलं, मग कोबीकडे, मग भिंगवाल्याकडे. त्याने श्वास घेतला, डोळे मिटले आणि जन्मात नव्हता काढला असा आवाज काढला. चार माणसं थांबली. मग सहा. कोबी गेला, भावही बरा आला. भिंगवाला क्रेटवरून उतरला तेव्हा मामा दुसरीकडेच पाहत डोळा पुसत होते. ऑपरेशननंतर अधूनमधून पाणी येतं, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तरी तो आवाज खाली यायला तयार नव्हता. सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक सेवानिवृत्त पोस्टमास्तर आले. हनुवटी टेकवून बसले. भिंगवाल्याने तक्त्याकडे बोट केलं आणि म्हणाला, खालची ओळ वाचा. आम्हाला ते समोरच्या फुटपाथवर ऐकू आलं. पोस्टमास्तरांना खालच्या तीन ओळी गेली कित्येक वर्षं दिसत नव्हत्या. त्यांनी त्या धडाधड वाचल्या.